प्रतापनगर ते पॅरामॅटा

पहिला दिवस : २६ मे

लेकीला डॉक्टरांनी बाळंतपणाची जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली होती. मे संपायच्या आत सिडनीला पोचायचं एवढं नक्की होतं, आणि जावई तिकिटासाठी तारखा विचारत होते. मी २६ मे सांगितली. त्यांना वाटलं, पंचांगात मुहूर्त पाहिला असेल. एका अर्थी पाहिलाच होता. दरवर्षी २६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असल्यामुळे हा दिवस मुलांना कधी मैदानात उभं करून दाखवता आला नाही. घरच्या अंगणात मात्र मी तो एकही वर्ष चुकवलेला नाही.

सकाळी सहालाच ह्यांच्या स्कूटरवर बसून झिरो माईलला गेले. नवतपा कालच लागला होता, त्यामुळे आठच्या पुढे बाहेर पडायची सोय नव्हती. चार घोडे, तो वालुकाश्माचा खांब आणि शेजारचा षटकोनी दगड. आठवीच्या मुलांना मी दर हिवाळ्यात इथे आणायची. दगडावर कोरलेले मैल मुलं मोठ्याने वाचत : हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३. खांबाजवळची १९०७ सालची खूण समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फुटांवर आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं! कितीदा वाचलं तरी त्या माणसांच्या चिकाटीपुढे मान लवते. साऱ्या हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या ज्या महासर्वेक्षणाची ही खूण, ते १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येतानाच वारला, आपल्या हिंगणघाटला. वर्ध्याकडच्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून मी दरवर्षी सांगायची.

त्या दगडावर सिडनी नाही. असायचं कारणही नाही. पण सासूबाईंचा प्रश्न तोच होता. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून हे नागपुरातच थांबणार होते. बॅग भरताना त्या तीनदा म्हणाल्या, “किती दूर आहे वं ते? एवढ्या दूर काऊन दिली पोरगी?”

मी त्यांच्यापुढे पृथ्वीगोल ठेवला. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेला, ३० सेंटीमीटर व्यासाचा. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा नागपूरवर धरला आणि ताणून सिडनीपर्यंत नेला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो, नकाशावर आखलेली सरळ रेघ तशी धरत नाही. दोरा मोजला तर २३ सेंटीमीटर. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला : ९,७७५. विषुववृत्तावर तोच दोरा किती वेळा बसतो तेही त्यांना करून दाखवलं. चारदा बसून थोडा कमी पडतो. पृथ्वीला घातलेल्या प्रदक्षिणेचा जवळजवळ चौथा हिस्सा.

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून पाहिला. म्हणाल्या, “किलोमीटर नको सांगू. पोचायला किती लागते ते सांग.”

१२ वाजून १० मिनिटांनी अंगणात स्टीलचा पेला उलटा ठेवला. ४५ अंशांच्या उन्हात पायाखालची फरशी चपलेतूनही भाजत होती. पेल्याभोवती सावली नाही, कुठल्याच बाजूला नाही. मिनिटभर पाहिलं आणि तोच पेला साडीच्या घडीत गुंडाळून बॅगेत टाकला.

१२ वाजताच मध्यान्ह का नाही, असं एखादं मूल हटकून विचारायचं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मिर्झापूरकडचं आणि आपण ७९ अंशांवर. म्हणून नागपूरचा सूर्य घड्याळाच्या मागे राहतो.

४.१५ ला घर सोडलं. वेळ वहीत टिपली. सोनेगावचा विमानतळ आमच्यापासून लांब नाही, पण वर्धा रोडवर गर्दी होती. विमानतळाशी आमच्या घराचं नातं जुनं आहे. सासरे टपाल खात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तिचं मधलं ठाणं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. सासरे रात्री सायकलने कामावर जात. सासूबाई नव्या नवरी होत्या. डकोटा विमानांच्या घरघरीवरून त्यांना कळायचं की आता चार गावची पत्रं आपल्या गावात आली. “चारही पोरी एकाच रात्री माहेरी आल्यासारखं वाटे,” असं त्या अजून सांगतात.

६.४५ चं विमान वेळेवर सुटलं. खिडकीतून अंबाझरीचं पाणी दिसलं आणि मग वळण घेऊन विमान पश्चिमेला लागलं. हे माझ्या जिवाला लागतं, आणि यात विनोद नाही. लेक आग्नेयेला, आणि पहिले ६८० किलोमीटर मी तिच्याकडे पाठ करून निघाले. विदर्भातल्या हजारो आईबापांचा हाच रस्ता आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता या दोन्ही वाटा आमच्याच डोक्यावर एकमेकींना छेदतात, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की एकामागून एक दिवे जाताना दिसतात. पण ते थांबत नाहीत.

८.१५ ला मुंबई. तिथे ३ तास २५ मिनिटं गेली, त्यातली बरीच रांगेत. ११.४० ला सिंगापूरचं विमान.

दुसरा दिवस : २७ मे

समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला आणि झोपले नाही. मुंबईहून निघालेलं विमान दख्खन ओलांडून चेन्नईच्या अंगाने बंगालच्या उपसागरावर गेलं, तेव्हा कुठे आम्ही नागपूरच्या रेखांशाच्या पूर्वेला आलो. म्हणजे घर सोडल्यावर नऊ तासांनी मी खऱ्या अर्थाने निघाले. पुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीवर उजाडलं. खाली जहाजंच जहाजं, मुंग्यांची रांग असावी तशी.

मनगटावरचं घड्याळ मी नागपूरचंच ठेवलं होतं. त्यात पहाटेचे पाच, सिंगापूरच्या भिंतीवर साडेसात. ३,९२० किलोमीटर, ५ तास २० मिनिटं. विमानतळाबद्दल सगळे भरभरून लिहितात. मी एक इडली खाल्ली, पाय सुजू नयेत म्हणून अर्धा तास चालले आणि पुढच्या फाटकाशी जाऊन बसले.

९.४० ला पुढचं विमान सुटलं आणि पंधरा-वीस मिनिटांत विषुववृत्त ओलांडलं. सिंगापूर जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे विमान पुरतं वर जायच्या आतच ते येतं. कुणी सांगत नाही, घोषणा नाही. शेजारची बाई चहात साखर ढवळत होती. मी मात्र पडद्यावर अक्षांशाच्या आकड्यापुढचं अक्षर बदलताना पाहिलं आणि अंगावर काटा आला. फळ्यावर हजार वेळा काढलेली रेघ होती ती.

जावा मागे पडलं, मग नुसता समुद्र, आणि तीनेक तासांनी ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा. त्यानंतर जे दिसलं ते मी पुस्तकातून शिकवलं होतं, पण शिकवताना मला स्वतःला ते समजलं नव्हतं. लाल माती. गाव नाही, शेताचा बांध नाही, रस्ता असलाच तर एक रेघ क्षितिजापर्यंत. वाऱ्याने घातलेल्या वाळूच्या लांबच लांब समांतर वळ्या, मधूनच मिठाने पांढरं झालेलं कोरडं सरोवर. घड्याळ लावून पाहिलं. अडीच तास खाली तेच होतं. नागपूरहून रेल्वेने अडीच तास गेलं तर बडनेराही मागे पडतं. इथे ताशी ९०० किलोमीटरने जाऊनही वाळवंट सरेना. मुलांना मी ‘विरळ लोकवस्ती’ असे दोन शब्द सांगून पुढच्या धड्यावर जात असे. आता पुन्हा वर्ग मिळाला तर त्या दोन शब्दांवर एक अख्खा तास घेईन.

हळूहळू वेगाचा आकडा वाढत गेला, एकदा १,०१० झाला. हिवाळ्यात या अक्षांशांवर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. म्हणून सिंगापूर-सिडनी मला ७ तास ४० मिनिटं लागली, आणि ऑगस्टमधल्या परतीच्या तिकिटावर तेच अंतर अर्ध्या तासाने जास्त आहे. अंतर तेच, तास वेगळे. सासूबाईंचा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

आणि मग सूर्य मावळला. माझ्या घड्याळात दुपारचा दीड वाजला होता. नागपुरात त्या क्षणी नवतप्याचं ऊन रणरणत असणार, ह्यांनी कूलरमध्ये पाणी घातलं असेल, सासूबाई कांदा उशाशी घेऊन पडल्या असतील. आणि माझ्या मागे उजव्या अंगाला आभाळ केशरी होऊन विझत होतं, समोरून निळसर काळोख वर चढत होता. आम्ही सूर्यापासून दूर पळत होतो, म्हणून दिवस आखूड झाला. दिवस बाहेरून आखूड होतो, पोटाला ते कळत नाही. मला वरण-भाताची भूक लागली होती आणि समोर रात्रीचं जेवण आलं होतं.

सिडनीला ७.२० ला उतरलो. आता एक गोष्ट जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. निघताना शेजारच्या वहिनींनी संत्रा बर्फीचा डबा हातात दिला होता, लेकीचे डोहाळे म्हणून. त्यात खवा होता. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या रोगराईची फार काळजी घेतात, कारण त्यांच्या गुरांमध्ये आणि पिकांमध्ये अजून न पोचलेले पुष्कळ रोग आहेत. आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे दुधाची मिठाई नेऊ देत नाहीत. फळं, बिया, माती लागलेलं काही, सगळं आधी सांगावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड. विमानात दिलेल्या कार्डावर मी खूण केली, डबा स्वतःहून पुढे केला. अधिकारी मुलगी नीट बोलली, डबा ठेवून घेतला. सावजी मसाल्याची पूड पाहून, वास घेऊन परत दिली. डिंक, हळीव, खारीक मी आधीच घरी ठेवलं होतं. लेकीच्या घराजवळ हॅरिस पार्क म्हणून पेठ आहे, तिथे आपल्याकडचं सगळं मिळतं. डबा गेल्याचं मात्र वाईट वाटलं. वहिनींनी रात्री जागून केली होती.

बाहेर ११ अंश. कालच्या दुपारपेक्षा ३४ अंशांनी कमी. लेक शाल घेऊन उभी होती, पोटावर हात ठेवून. वाकून नमस्कार करायला लागली तर मी खांद्यालाच धरलं.

लेकीच्या घरी, सिडनीतल्या पॅरामॅटाला, उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचे पावणेदहा, माझ्या घड्याळात संध्याकाळचे सव्वापाच. वहीत लिहिलं : दारापासून दारापर्यंत २५ तास. त्यातले हवेत १४ तास ३० मिनिटं, जमिनीवर १० तास ३० मिनिटं. विमानांनी कापलं १०,८९० किलोमीटर, दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे १,१०० जास्त. नागपूरहून थेट विमान असतं तर ११ तासांत पोचले असते. लगेच फोन लावून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पंचवीस तास? तुझे सासरे पंचवीस तासांत कलकत्त्याचं उत्तर आणवत.”

तिसरा दिवस : २८ मे

साडेनऊला जाग आली, म्हणजे नागपूरच्या पाचला. शरीर अजून प्रतापनगरातच होतं. दिवस झोपेत आणि गप्पांत गेला. लेकीला सांबारवडी हवी होती, पण कोथिंबिरीची जुडी आपल्याएवढी दाट नव्हती. दोन जुड्यांत चार वड्या झाल्या. त्या तिने उभ्याने खाल्ल्या.

रात्री आठला घराबाहेर मोकळ्यावर नेऊन तिला त्रिशंकू हा तारकासमूह दाखवला. इतकी वर्षं इथे राहून तिने कधी वर पाहिलं नव्हतं. नागपुरात मेच्या रात्री तो दक्षिणेला क्षितिजाला टेकलेला असतो, जेमतेम नऊ अंशांवर, समोर एखादी इमारत असली की संपलं. इथे तो मान वर करावी लागेल इतका उंच होता, ६४ अंशांवर. ध्रुव नाही, सप्तर्षी नाहीत. ह्यांना फोन करून सांगितलं, आज साडेआठला गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे बघा. त्यांच्याकडे साडेआठ वाजले तेव्हा इथे रात्रीचा एक होता. मी जागी राहिले. फोनवर नुसतं म्हणाले, “दिसला.”

चौथा दिवस : २९ मे

आभाळ स्वच्छ होतं. लेकीच्या बाल्कनीचं तोंड उत्तरेला आहे. इकडे घर घेताना उत्तरेचं ऊन पाहतात, जसं आपण पूर्वेचं दार पाहतो. सूर्य इथे दुपारी उत्तरेकडून येतो, आणि दक्षिणेच्या खोल्या हिवाळाभर गार राहतात.

११.५३ ला पेला उलटा ठेवला. इथली मध्यान्ह बाराच्या आधीच येते, कारण सिडनी त्यांच्या घड्याळाच्या रेखांशाच्या थोडी पूर्वेला आहे. पेल्याची उंची १२ सेंटीमीटर. सावली दक्षिणेकडे पडली होती, लांब, निळसर. लेकीने शिवणाची टेप धरली, वाकता येत नव्हतं म्हणून स्टुलावर बसून. साडेसतरा सेंटीमीटर.

कागदावर तोच त्रिकोण काढला, तिच्या जुन्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजला. नागपुरात डोक्यावर असलेला सूर्य इथे साडेपंचावन्न अंश कललेला. मधल्या तीन दिवसांत सूर्य अर्धा अंश उत्तरेला सरकला, तो वजा केला. राहिले पंचावन्न. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ६,१०० किलोमीटर. काल त्रिशंकूने तेच सांगितलं होतं : ६४ वजा ९, पंचावन्न. आणि पूर्व-पश्चिम? नागपूरची मध्यान्ह १२.११ ला मी सोडून आले होते. सिडनीची ११.५३ म्हणजे नागपूरची सकाळची ७.२३. फरक ४ तास ४८ मिनिटं, चार मिनिटांना एक अंश या हिशेबाने ७२ अंश. हेच दोन आकडे घेऊन गोलावर बसलं तर लाल दोरा पुन्हा हाती येतो.

लेक कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. सहावीत असताना तिला गणितात कमी गुण मिळाले होते आणि मी तिला रागावले होते. त्या दिवशी अंगणात नेऊन एक पेला ठेवायला हवा होता, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “आई, बाळाला तू शिकवशील.”

३० आणि ३१ तारखेला लिहिण्यासारखं काही झालं नाही. पाऊस होता. डिंकाचे लाडू वळले.

आठवा दिवस : २ जून

आदल्या रात्री अकराला कळा सुरू झाल्या. जावयांनी गाडी काढली. मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसले, हातात तो लाल दोरा होता. तो का आणला ते माझं मला ठाऊक नाही.

पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. दोघीही सुखरूप.

फोन लावला. पहिल्याच घंटीला ह्यांनी उचलला. अजून झोपले नव्हते, तिथे रात्रीचे १० वाजून ५० मिनिटं झाली होती. सासूबाई जाग्याच होत्या. जावयांनी फोन बाळाजवळ नेला. बाळ रडलं आणि त्याच श्वासात पलीकडून सासूबाईंचं “अगं माझी बाय” ऐकू आलं.

मग त्यांनी तारीख विचारली. पंचांगाच्या समासात लिहायची होती. घरातल्या सगळ्यांच्या जन्मवेळा त्यांनी तिथे टिपल्या आहेत, ह्यांची आणि लेकीचीसुद्धा. मी म्हटलं, २ जून.

“दोन कशी?” त्या म्हणाल्या. “इकडे अजून एकच तारीख आहे वं. बारा नाही वाजले.”

मी सांगितलं, लिहा तुमच्याकडची. शेजारी कंसात इथली वेळ लिहा. पलीकडे पेन शोधल्याचा, पान उलटल्याचा आवाज आला.